रणगाडा एकटा लढत नाही

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



संमेलनात बोलणाऱ्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. विषयही माझा नाही, एका विद्यार्थ्याचा आहे. नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मोबाईलवर रोज दिसते, एक लहानसे ड्रोन येते आणि रणगाडा जळून जातो. मग रणगाड्यांचा जमाना संपला का?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. पण प्रश्न काही मला सोडीना. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम रणगाडा म्हणजे काय ते पाहू. एक मोठी तोफ, तिच्याभोवती पोलादी चिलखत आणि चिखलातून, शेतातून जाण्यासाठी चाकांऐवजी साखळीचे पट्टे. या तीन गोष्टींचे आपसात कधी पटत नाही. चिलखत जाड केले की वजन वाढते, वजन वाढले की वेग घटतो, आणि वाटेतला पूल भार पेलत नाही. आपल्या सैन्याचा टी-९० सुमारे ४६ टनांचा, तर अर्जुन ५८ टनांच्याही पुढचा. म्हणून रणगाड्यांच्या मागे पूल टाकणाऱ्या गाड्या लागतात. अशा पुलांचे बरेचसे संशोधन आपल्या पुण्याजवळ दिघीला झाले आहे, हे जाता जाता सांगतो.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या रणभूमीवर इंग्रजांनी हे यंत्र पहिल्यांदा उतरवले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात त्याला पाण्याची टाकी, 'टँक', म्हणत असत. तेच नाव चिकटले. (काही कोशकार इंग्रजीतला हा शब्द आपल्या गुजराती-मराठी 'टाकी'शी जोडतात. तसे असेल तर या यंत्रात आपला निदान शब्दापुरता तरी वाटा आहे!) त्या दिवशी बरेच टँक शत्रूपर्यंत पोहोचण्याआधीच बंद पडले. तरी खंदक आणि मशीनगन यांनी दोन वर्षे जखडून ठेवलेले युद्ध पुन्हा हलू शकते, एवढे जगाला कळून चुकले.

ते किती वेगाने हलते हे मे १९४० मध्ये दिसले. फ्रान्सकडे रणगाडे कमी नव्हते, आणि काही तर जर्मनांच्या रणगाड्यांहून जाड चिलखताचे होते. परंतु त्यातले पुष्कळसे पायदळाच्या मदतीला म्हणून इकडेतिकडे वाटून टाकलेले होते. जर्मनांनी आपले रणगाडे एका ठिकाणी गोळा केले, त्यांत रेडिओ बसवले, मागे मोटारींतून पायदळ आणि वर विमाने दिली. १३ मे रोजी सेदान येथे त्यांनी म्यूज नदी ओलांडली आणि २० मे रोजी त्यांचे रणगाडे समुद्राला भिडले. एक आठवडा फक्त! यंत्रे दोन्हीकडे होती. फरक ती वापरण्याच्या अकलेत होता.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. येथे मी जरा रेंगाळणार आहे.

सप्टेंबर १९६५. पंजाबमधील खेमकरण घेऊन पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन पुढे सरकत होती. तिच्याकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते, सुमारे ४५ टनांचे. अंतर मोजण्याचे यंत्र आणि नेमबाजीचे गणित करणारे यंत्र त्यांत बसवलेले होते. समोर आपली चौथी माउंटन डिव्हिजन. ती मागे हटून असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसली. मदतीला एक चिलखती ब्रिगेड होती. तिच्याकडचे शर्मन दुसऱ्या महायुद्धातले, आणि सेंचुरियन त्यातल्या त्यात बरे.

आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडले. उभ्या उसात रणगाडे लपवले. पॅटन आले, चिखलात मंदावले, काही रुतून बसले, आणि बाजूने त्यांच्यावर मारा झाला. रणगाड्याचे चिलखत समोरून जाड असते, कुशीला पातळ. पायदळ बरोबर असते तर उसात शिरून त्याने दबा धरणारे हुडकून काढले असते. पण रणगाडे पुढे आणि पायदळ मागे असे झाले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानने तेथे ९७ रणगाडे गमावले अशी आपली नोंद आहे. त्यातले काही तर चालू स्थितीत सोडून दिलेले होते. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ मांडून ठेवले, तेव्हा लोक त्या जागेला 'पॅटन नगर' म्हणू लागले.

याच लढाईतले एक नाव तुम्हा सर्वांना पाठ आहे: कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, चौथी ग्रेनेडियर्स. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातले धामूपूर हे त्यांचे गाव, वडील शिवणकाम करीत. आपल्याकडे त्यांची कथा अशी सांगतात की, एक शूर माणूस जीपमधून निघाला आणि त्याने रणगाडे फोडले. खोटे काहीच नाही. तरीही ही कथा ऐकताना मला नेहमी चुटपुट लागते, कारण तिच्यातला महत्त्वाचा भाग गळून जातो.

त्यांच्या जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. गोळा सुटताना साध्या तोफेचा धक्का मागे बसतो. या तोफेत जळता वायू मागच्या तोंडाने बाहेर काढून तो धक्का मोडलेला असतो. म्हणूनच ती जीपसारख्या हलक्या गाडीवर बसू शकते. पण त्याची किंमत द्यावी लागते. गोळा सुटताच मागे आगीचा आणि धुळीचा लोट उठतो, आणि तोफ कोठे आहे हे शत्रूला लांबून दिसते. जीपला चिलखत नाही. म्हणजे नेम पहिल्याच गोळ्याला लागला पाहिजे आणि लगेच जागा बदलली पाहिजे. अब्दुल हमीद यांनी या तोफेवर पाच वर्षे काढली होती. बढती मिळून ते क्वार्टरमास्टरच्या कामाला गेले होते, परंतु पलटणीत त्यांच्याइतका या तोफेचा जाणकार नाही म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले.

परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात १० सप्टेंबरची सकाळ नोंदलेली आहे. चीमा गावापुढे पॅटन आत घुसले. हमीद समोर न राहता जीप घेऊन बगलेला गेले. पुढचा रणगाडा फोडला, झटकन जागा बदलली, दुसरा पेटवला. तोवर शत्रूने त्यांना हेरले होते. जीपवर मारा सुरू झाला, तरी ते तिसऱ्यावर गोळे टाकत राहिले, आणि त्यातच एका गोळ्याने त्यांचा अंत झाला. वय ३२ वर्षे. बगलेला जाणे, जागा बदलणे ही नुसती हिंमत नव्हती. ते त्या तोफेचे आणि रणगाड्याचे पक्के ज्ञान होते.

पण एका विजयाने आपणही फुगून जाऊ नये. त्याच महिन्यात सियालकोट भागात आपले रणगाडे आत शिरले, आणि चाविंडा काही आपल्या हाती आले नाही. तेथे पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. पुढे १९७१ मध्ये याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला २१ वर्षांचा मुलगा, बसंतर नदीपाशी लढले. तेथे सुरुंग पुरते काढून होण्याआधीच रणगाडे पलीकडे न्यावे लागले होते. सुरुंग काढणाऱ्या सॅपरचे नाव सहसा कोणी पाठ करीत नाही, पण त्याच्यावाचून रणगाडा नदीकाठीच उभा राहतो.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या ड्रोनकडे वळतो. "रणगाडा संपला" हे वाक्य जुने आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्तच्या पायदळाने सुवेझ कालवा ओलांडला, तेव्हा शिपायांजवळ तारेने वळवता येणारी रशियन क्षेपणास्त्रे होती. ८ ऑक्टोबरला इस्रायलचे रणगाडे पुरेशा पायदळाशिवाय आणि तोफखान्याशिवाय त्यांच्यावर चालून गेले आणि मार खाऊन परतले. तेव्हाही जगभर हेच लिहिले गेले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे रणगाडे आणि मालमोटारी युक्रेनच्या राजधानीकडे निघाल्या. कीवच्या उत्तरेला रस्त्यावर साठेक किलोमीटर लांब रांग लागली. इंधन कमी पडले, बाजूला चिखल, आणि लहान लहान तुकड्या क्षेपणास्त्रे घेऊन टपलेल्या. असल उत्तरचीच आठवण व्हावी असे ते दृश्य होते. त्या युद्धात टी-७२ जातीच्या रणगाड्यांचा वरचा घुमट उडून दूर पडलेला तुम्ही पाहिला असेल. त्यांत गोळे भरायला माणूस नसतो; यंत्र ते काम करते, आणि गोळ्यांचा साठा तिघा शिपायांच्या पायाखालीच असतो. मोबाईलवर जळताना दिसते त्या लोखंडात तीन आयांची मुले बसलेली असतात. टाळ्या पिटण्याआधी एवढे लक्षात घ्या.

नंतर ड्रोन आले आणि खरोखरच पुष्कळ काही बदलले. रणगाड्याचे छप्पर पातळ असते, आणि ड्रोन नेमके वरून येते. लपून एकत्र जमणे अवघड झाले, कारण वरून चोवीस तास कोणीतरी पाहत आहे. म्हणून रणगाडे आता झाडीत लपतात, छपरावर लोखंडी जाळ्या बांधतात आणि बरेचदा लांबून तोफ डागून मागे फिरतात. जून २०२३ मध्ये युक्रेनच्या जर्मन लेपर्ड रणगाड्यांना आणि अमेरिकन ब्रॅडली गाड्यांना झापोरिझ्झिया भागातल्या सुरुंगांनी अडवले. गाड्या गेल्या, परंतु ब्रॅडलीत बसलेली माणसे पुष्कळ वेळा जिवंत बाहेर आली. साध्या मालमोटारीतून ती आली नसती.

आणि एक गोष्ट पाहा. याच युक्रेनने रणगाडे मागण्यासाठी सारे युरोप पालथे घातले, आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटन व जर्मनीने ते देण्याचे जाहीर केले. जी वस्तू निकामी झाली आहे ती कोणी अशी मागत फिरत नाही. ड्रोनने जमीन पाहता येते, माणूस मारता येतो, पण खंदकात शिरून ती जमीन ताब्यात ठेवता येत नाही. तेथे शिपायालाच जावे लागते, आणि त्याला तेथवर पोलादाच्या आडून कोणीतरी न्यावे लागते.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: रणगाड्याचा जमाना संपलेला नाही, एकट्या रणगाड्याचा संपला आहे, आणि खरे पाहता तो कधी नव्हताच. आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पकडलेले पॅटनही तेथे उभे आहेत. संस्थेने परवानगी दिली तर नववीच्या मुलांना घेऊन जाण्याचा माझा विचार आहे. बसभाड्याचे काय करायचे ते पालकांनी सभा संपल्यावर माझ्याशी बोलावे.