नफा आणि परवाना



आजचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. अमेरिकेत गांजाची परवानाधारक दुकाने आहेत. त्या दुकानांत गिऱ्हाइकांचे पैसे यंत्राने वळते करून देणाऱ्या कंपन्या आहेत. आणि त्या कंपन्या दर तीन महिन्यांनी आपला हिशेब प्रसिद्ध करतात. या हिशेबाशी सोलापूरकरांना काय कर्तव्य, असा प्रश्न एका स्नेह्याने आम्हांला विचारलाच. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही आज येथे उभे आहोत.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. फंडाचे पैसे हाती आल्यापासून ते अर्थविषयक पाने बारकाईने वाचतात. एके दिवशी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन ते आमच्याकडे आले. एका कंपनीचे उत्पन्न तिमाहीत मोठ्या टक्क्यांनी वाढल्याची ती बातमी होती. “घ्यावेत का हिचे भाग?” त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, “गुरुजी, कंपनीने किती मिळवले हे कात्रणात आहे. ती कोणाच्या परवानगीने मिळवते, हे कोठे आहे?” गुरुजींनी कात्रण उलटून पाहिले. मागे जाहिरात होती!

आजचे आमचे म्हणणे एवढेच आहे. तिमाहीचा आकडा ‘किती’ ते सांगतो. ‘कोणाच्या मर्जीवर’ ते सांगत नाही. गांजाच्या पैशाची देवघेव करणाऱ्या कंपनीत ही गोष्ट भिंगाखाली धरल्यासारखी स्पष्ट दिसते, म्हणून ते उदाहरण आम्ही निवडले.

मादक पदार्थ आणि सरकारी जमाखर्च यांचे नाते या गावाला नवीन नाही. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात लोकांनी शिंदीची झाडे तोडली, पोलिसांनी गोळीबार केला, आणि पुढे १२ मे रोजी येथे लष्करी कायदा लागू झाला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे आपले चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. त्या दिवसांत कुऱ्हाड शिंदीवर का पडली? शिंदी ही नुसती व्यसनाची खूण नव्हती. ती अबकारी उत्पन्नाची, म्हणजे सरकारच्या जमेची बाजू होती.

गांजाचेही तसेच. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी घेऊन त्याने १८९४ मध्ये अहवाल दिला. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवा, असा त्याचा कौल होता. स्वतंत्र भारतात १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि गांजा व चरस यांचा व्यापार मोठा गुन्हा ठरला. मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत झाडाचे शेंडे येतात. शेंड्यांवाचूनची पाने आणि बी येत नाहीत. म्हणून भांगेचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांकडे राहिला. एकाच झाडाचा शेंडा तुरुंगात नेतो आणि पान काही राज्यांत सरकारमान्य दुकानात जाते! झाड बदलत नाही, परवाना बदलतो. हे ध्यानात धरून आता अमेरिकेकडे वळू.

अमेरिकेत १९७० च्या मध्यवर्ती कायद्याने गांजाला अत्यंत निषिद्ध पदार्थांच्या पहिल्या यादीत घातले. असे असता २०१२ साली कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतील मतदारांनी प्रौढांना तो विकत घेण्याची मुभा दिली. २०२३ च्या अखेरीपर्यंत अशी मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २४ झाली. दुकान राज्याच्या कायद्याने वैध आणि मध्यवर्ती कायद्याने गुन्हा, अशी ही दुहेरी स्थिती. बँका मध्यवर्ती कायद्याला भितात. २०१४ साली तेथील अर्थखात्याने काही अटींवर खाती ठेवण्याचा मार्ग दाखवला, तरीही पुष्कळ बँका लांबच राहिल्या. पतपत्राच्या, म्हणजे क्रेडिट कार्डाच्या, मोठ्या कंपन्यांनीही हा व्यवहार नाकारला. परिणामी दुकानदाराच्या गल्ल्यात रोकडीचे ढीग साचू लागले. चोराचे भय वाढले, आणि करभरणाही नोटांच्या थैल्या नेऊन करण्याची पाळी अनेकांवर आली.

अडचण तेथे धंदा, हा बाजाराचा नियमच आहे. ही रोकड टाळून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील ‘पॉसाबिट’ ही त्यांपैकी एक. २०१९ साली तिचे भाग कॅनडातील एका रोखेबाजारात नोंदले गेले. अशी कंपनी गांजा पिकवीत नाही आणि विकीतही नाही. ती दुकानाला यंत्र आणि हिशेबाची प्रणाली देते, गिऱ्हाइकाचा पैसा दुकानदाराकडे पोहोचवते आणि त्याबद्दल शुल्क घेते.

आता अशा कंपनीचे तिमाही पत्रक कसे वाचावे ते पाहू.

पत्रकात बहुधा अगदी वर एक भला मोठा आकडा असतो: या तिमाहीत आमच्या यंत्रांतून इतक्या कोटींची उलाढाल झाली. हा आकडा पाहून दिपून जाऊ नये. आपल्या बाजार समितीतील कांद्याच्या अडत्याचा विचार करा. हंगामात त्याच्या गाळ्यावरून लाखोंचा माल जातो. पण ते लाख त्याचे नव्हेत. माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा, अडत्याची फक्त अडत. पैसे वळते करणारी कंपनी ही पैशाची अडत्या आहे. उलाढाल म्हणजे गाळ्यावरून गेलेला माल, उत्पन्न म्हणजे अडत. त्या अडतीतून बँकेचा आणि कार्डाच्या जाळ्याचा वाटा द्यावयाचा, आणि उरेल त्यातून नोकर, भाडे, यंत्रे आणि व्याज भागवावयाचे.

समजा, तिमाहीत १०० कोटींची उलाढाल झाली. शुल्क ३ कोटी आले. बँकेचा आणि जाळ्याचा वाटा २ कोटी. उरला १ कोटी. पगार-भाडे ९० लाख. नफा १० लाख. पत्रक छान दिसते. आता पुढच्या तिमाहीत बँकेने महिनाभर हात आखडला असे धरा. उलाढालीचा एक तृतीयांश गेला. शुल्क २ कोटी, वाटा सुमारे १ कोटी ३३ लाख, उरले ६७ लाख. पगार आणि भाडे मात्र तेच, ९० लाख. दहा लाखांच्या नफ्याच्या जागी तेवीस लाखांचा तोटा आला! गिऱ्हाईक कमी झाले नाही, कामगार आळसावले नाहीत; दुसऱ्याने परवानगी काढून घेतली, एवढेच घडले.

याच पत्रकात ‘समायोजित नफा’ म्हणून एक रकम असते. व्याज, कर, घसारा आणि ‘एकदाच होणारे’ म्हणून काही खर्च वगळून ती काढतात. धंद्याची चाल समजण्यास तिचा उपयोग नाही असे नाही. परंतु दिवाळी, दवाखाना आणि कर्जाचा हप्ता वगळला तर आमचाही संसार दरमहा शिलकीतच जातो. वगळलेल्या गोष्टींची यादी पाहिल्यावाचून या नफ्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय तिमाही पत्रकाची तपासणी वार्षिक हिशेबाइतकी कसून झालेली नसते. आपल्याकडेही सेबीच्या नियमाने नोंदलेल्या कंपनीने तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावा लागतो, आणि हिशेबतपासनीसाचे मर्यादित परीक्षण त्यास चालते.

मघाशी आम्ही बँकेने हात आखडल्याचे कल्पनेने धरले. प्रत्यक्षातही तसेच घडले. या धंद्यात एक युक्ती रूढ झाली होती. दुकानातील यंत्रावर गिऱ्हाइकाने डेबिट कार्ड लावले की कागदोपत्री ती ‘एटीएममधून रोकड काढली’ अशी नोंद होई. रकम पूर्णांकात धरावयाची, वरचे सुटे दुकानदाराने परत करावयाचे. खरी रोकड त्या यंत्रातून निघतच नसे. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिसा कंपनीने या प्रकाराविरुद्ध बँकांना इशारा दिला. जुलै २०२३ मध्ये मास्टरकार्डनेही आपल्या डेबिट कार्डांवर गांजाचे व्यवहार थांबविण्यास सांगितले. आदल्या तिमाहीच्या उत्पन्नाचा आकडा खरा असेल. पण तो ज्या फांदीवर बसला होता ती दुसऱ्याच्या झाडाची होती.

कोणी म्हणेल, कायदा एकमुखी झाला की हा घोर मिटेल. उरुग्वे देशाने २०१३ साली संपूर्ण देशापुरता गांजा वैध केला आणि जुलै २०१७ मध्ये तो औषधांच्या दुकानांत विक्रीस आला. पुढच्याच महिन्यात बँकांनी त्या दुकानदारांना खाती बंद करण्याची ताकीद दिली. कारण, तेथील बँकांचे व्यवहार अमेरिकन बँकांमधून जातात आणि त्या बँकांना अमेरिकेचा कायदा लागतो. घरच्या सरकारने हो म्हटले, परक्या बँकेच्या नियमाने नाही म्हटले.

हे सर्व दूरचे झाले. आता जवळ येऊ. पेटीएम हे नाव येथील भाजीवाल्या मावशींनाही ठाऊक आहे. तो व्यापार निषिद्ध वस्तूंचा नव्हे, रोजच्या भाजी-किराण्याचा. १९ जानेवारी २०२४ रोजी या कंपनीने ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचा निकाल दिला. उत्पन्न २,८५० कोटी रुपये, वाढ ३८ टक्के, आणि तोटा आदल्या वर्षीच्या ३९२ कोटींवरून २२२ कोटींवर उतरलेला. बाराच दिवसांनी, ३१ जानेवारी रोजी, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी घेण्याची बंदी केली. दोन दिवस भाग रोज २० टक्क्यांनी कोसळला. एप्रिल ते जून २०२४ च्या तिमाहीत कंपनीचे उत्पन्न १,५०२ कोटींवर आले आणि तोटा सुमारे ८४० कोटींवर गेला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वर्षभराने, एप्रिल ते जून २०२५ च्या तिमाहीत, तिने १२२ कोटींवर नफा दाखवला. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. त्या बँकेस नवे खातेदार घेण्याची मनाई मार्च २०२२ मध्येच झाली होती आणि ती जाहीर होती. धोक्याची घंटा पावणेदोन वर्षांहून अधिक काळ वाजत होती. मथळ्यातील टक्केवारीच्या ढोलात ती पुष्कळांना ऐकू आली नाही.

आणखी जवळ यावयाचे तर आपल्याच गावात. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ पासून तिच्यावर निर्बंध होते. ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असल्याने बहुतेक ठेवीदारांचे मुद्दल विम्याच्या मर्यादेत होते. पण स्वतःचेच पैसे काढता येत नाहीत ही स्थिती काय असते, हे या सभागृहात काही जणांना आमच्या व्याख्यानावाचून ठाऊक असेल. मुलीचे लग्न किंवा घरातले आजारपण विम्याचे कागद येईपर्यंत थांबत नाही. अशा वेळी परवाना हा शब्द कागदावरचा राहत नाही, तो स्वयंपाकघरात येतो.

तेव्हा तिमाहीचे कात्रण हाती आले की चार प्रश्न विचारावेत. पहिला, मोठा आकडा गाळ्यावरून गेलेल्या मालाचा आहे की अडतीचा? दुसरा, नफ्यातून काय काय वगळले आहे? तिसरा, हा धंदा कोणकोणाच्या परवानगीवर चालतो, आणि त्यांपैकी एकानेच हात काढला तर किती उरते? चौथा, आकड्यांच्या खाली बारीक टाइपात ज्या टिपा आहेत त्यांत नियामकाचे पत्र, कोर्टाचा दावा किंवा एकाच बँकेवरील अवलंबन यांचा उल्लेख आहे का? पहिल्या दोहोंची उत्तरे पत्रकाच्या दर्शनी पानांवर मिळतात. उरलेल्या दोहोंसाठी मागील पाने उलटावी लागतात, आणि भाग घेणारा बहुधा तेथवर पोहोचतच नाही.

आम्ही कोणास भाग घ्या किंवा घेऊ नका असे सांगावयास आलो नाही. गांजा पापाचा की पुण्याचा याचा निवाडाही आज केला नाही. आपल्या जुन्या पेढीवरचे लोक आसामीची नुसती खतावणी पाहून उधारी देत नसत. त्याचा गाळा स्वतःचा की भाड्याचा, आणि भाड्याचा असल्यास मालक कोण, याची चौकशी आधी करीत. ती रीत आता आपण चालवावी.

आमचे शेजारी गुरुजी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यांनी कोणाकडून तरी संपूर्ण पत्रक मिळवले होते आणि शेवटच्या पानांवरील टिपांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. भाग घेतले की नाही, हे आम्ही त्यांना विचारले नाही. रेघा योग्य जागी होत्या, तेवढे आम्हांला पुरेसे वाटले.