क्रोशाची झालर आणि भूमिती

क्रोशाचा गोल रुमाल विणताना टाके कमी वाढवले तर त्याची टोपी होते, नेमके वाढवले तर तो सपाट बसतो आणि फार वाढवले तर कडेला झालर पडते. विणणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. झालर पडली की आपण उसवतो. आज त्या झालरीबद्दलच बोलायचं आहे.

एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, असं शाळेत शिकवतात. सपाट कागदावर ते खरंच आहे. पण एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी दाखवलं की, अशा एका बिंदूतून पहिलीला कधीच न छेदणाऱ्या कितीतरी रेषा जातील असाही पृष्ठभाग असू शकतो. त्याला हायपरबोलिक म्हणतात. पण तो हातात धरून दाखवायचा कसा? कागदाच्या पट्ट्या जोडून केलेले नमुने हाताळताना फाटायचे. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या, मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी तो चक्क क्रोशाने विणला! ठरावीक टाक्यांनंतर एक टाका जादा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत तेच. मग विणलेल्या तुकड्याला घडी घालायची आणि घडीवरून दुसऱ्या रंगाचा धागा ओवायचा, की झाली सरळ रेषा. अशा घड्या घालत गेलं की एका बिंदूतून निघालेल्या त्या अनेक रेषा डोळ्यांना दिसतात.

समुद्रातली काही प्रवाळंही अशीच झालरीने वाढतात. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये हीच रीत घेऊन लोकरीचं प्रवाळ विणायला सुरुवात केली. त्यांच्याकडचं खरं प्रवाळ समुद्राचं पाणी तापल्याने पांढरं पडून मरतं आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे, म्हणून हे फार लांबचं वाटू देऊ नका.

२०२२ मध्ये लेकीकडे जर्मनीला गेले होते, तेव्हा बाडेन-बाडेनच्या फ्रीडर बुर्डा संग्रहालयात मी हे काम पाहिलं. सुमारे चार हजार जणांनी, त्यात बहुतेक बायकाच, विणून पाठवलेले चाळीस हजारांवर तुकडे तिथे एकत्र रचले होते. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, कोबीच्या पानासारखे. कुणाचा टाका घट्ट, कुणाचा सैल. काही काम तर प्लास्टिकचं होतं. आपण ज्या पिशव्या उकिरड्यावर टाकतो, तसलंच. मी खूप वेळ नुसती टाकेच मोजत उभी राहिले.

विणणाऱ्यांची नावं तिथे दिली होती, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पाटावरच्या रुमालावर कुणाचं नाव असतं? पण हे काम बायकांनी हौसेने, विनामोबदला केलेलं. कलाकार म्हणून त्या दोघी बहिणी जगभर ओळखल्या जातात, बाकीच्या यादीत राहतात. बचत गटात हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे खटकणारच, मलाही खटकलं.

करून पाहायचं असेल तर मुक्या खांबाचे सहा टाके घ्या आणि दर टाक्यात दोन-दोन विणत जा. सपाट रुमालाच्या सहाव्या फेरीत ३६ टाके असतात, इथे १९२ होतील. सातवीत ३८४. दोरा मात्र भरपूर घेऊन बसा.