इच्छा बाईची, चूर्ण कुणासाठी?

(वर्धा येथील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



"मन कशातच लागत नाही, नवरा जवळ आला की नकोसं वाटतं. अश्वगंधा घेऊ की शतावरी?" हा प्रश्न बायका दबक्या आवाजात विचारतात. तो हसण्यावारी नेऊ नका. आपल्या इच्छेबद्दल बाईने स्वतः बोलणे ही साधी गोष्ट नाही.

अश्वगंधा म्हणजे आसंध. ताण आणि झोप यांवर तिचा थोडाफार उपयोग काही छोट्या चाचण्यांत दिसला. कामेच्छेबाबतची एक भारतीय चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात ५० स्त्रिया होत्या. ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, आठ आठवडे घेणाऱ्यांना अधिक फरक जाणवला. पण पन्नासजणींच्या दोन महिन्यांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. शतावरी परंपरेने बाळंतिणीला दूध यावे म्हणून देतात. मन आणि कामेच्छेबाबत तिचा पुरावा आणखी तोकडा आहे.

झाडपाला आहे म्हणून निर्धोक, असेही नाही. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणी ती टाळावी. थायरॉइडचा आजार असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लैंगिक सुखाची क्षमता वाढवतो, असे सांगून औषध विकणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या सर्रास दिसतात.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. इच्छा गेली कुठे? अंगात रक्त नाही, दिवसभर कापूस वेचून पाठ मोडलेली, रात्री पुन्हा चूल. कुणाची पाळी थांबते आहे, कुणाला उदासीनतेचा आजार आहे. त्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. पण त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

आणि जिल्ह्यात दारूबंदी असूनही पिऊन आलेल्या नवऱ्याची जबरदस्ती? तिच्यावर कुठलेच चूर्ण नाही. अठरा वर्षांवरील पत्नीवरची जबरदस्ती २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. मात्र २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लैंगिक छळाला हिंसाच मानतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

म्हणून गटात कुणी चूर्णाचे नाव काढले, तर आधी तिला विचारा: बाई, हे तुला हवे आहे, की तुझ्याकडून कुणाला तरी हवे आहे?