दूध का उतरले नाही?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय माझ्यावर सोपवला. मी निवृत्त परिचारिका. ३० वर्षे बाळंतिणींच्या खाटेशी उभी राहिले. त्यातली एक गोष्ट सांगते.

औशाकडची एक सून. तिसरे बाळंतपण घरीच झाले आणि वार पडल्यावर रक्त थांबेना. जीव वाचला, पण छातीला दूध उतरले नाही. सासूबाईंनी हळीव, डिंक, मेथी सारे केले. बाळ शेवटी शेळीच्या दुधावर वाढले. पाळी परतलीच नाही. 'कटकट गेली,' असे तीच म्हणे! पुढे गारठा सोसेना, अंगावरचे केस झडले, शेतात जाववेना. घरात 'आळशी' हे नाव पडले. एकदा ती आमच्याकडे आली, तेव्हा रक्तवाढीच्या गोळ्या देऊन मीच तिला परत धाडले.

नवव्या वर्षी साध्या तापाने ती बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी नातेवाइकांना दोनच प्रश्न विचारले : "बाळंतपणी अंगावरून फार गेले होते का? नंतर दूध आले होते का?" मी मान खाली घातली. हे मी विचारलेच नव्हते.

मेंदूखाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत भिजल्या हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण थायरॉइड, बीजकोश, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी हिच्या हुकमात. दुधाचे संप्रेरकही तिचेच. गरोदरपणी ती वाढते, तिला रक्त अधिक लागते; अशा वेळी अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की ती उपाशी मरते. तेव्हा ग्लासगोत असलेल्या डॉ. शीहान यांनी १९३७ साली याचे वर्णन केले. आजाराला नाव त्यांचेच आहे. जिथे बाळंतिणीला वेळेवर रक्त मिळते तिथे तो आता विरळा. आपल्या देशात अजून आढळतो.

उपाय आहे, गोळ्यांचा. मात्र थायरॉइडची एकच टीएसएच तपासणी केली तर ती बरोबर दिसून फसवू शकते. आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या संप्रेरकाची गोळी आधी, थायरॉइडची मागून. उलटे झाले तर जिवावर बेतते. ही पहिली गोळी आपल्या मनाने कधी बंद करायची नाही. तापात तर डॉक्टर ती वाढवायला सांगतात.

ती सून महिन्याभराने स्वतःच्या पायांनी चालत आली. चतुर्थीचा उपास तिने सोडलेला नाही. गोळी मात्र सकाळी घेतेच, आणि आजाराची चिठ्ठी बटव्यात ठेवते.