नाकारलेली चित्रे

युरोपीय चित्रकलेचा बरोक काळापासून आधुनिक काळापर्यंतचा इतिहास बहुधा मान्यता पावलेल्या कृतींच्या आधारे सांगितला जातो. एका संप्रदायामागून दुसरा येतो आणि सारा प्रवास राजमार्गावरून झाला असावा, असे ऐकणारास वाटते. परंतु ज्यांच्यासाठी चित्रे काढली त्यांनीच ती परत केली, अशा प्रसंगांकडे पाहू लागले म्हणजे या इतिहासाचे निराळे रूप दिसते. चित्र नाकारताना माणूस आपली अपेक्षा उघड करून दाखवीत असतो.

सतराव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये चित्रकाराचा मोठा आश्रयदाता म्हणजे चर्च. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धार्मिक चित्रांच्या उपयोगाला पाठिंबा दिला होता आणि भाविकाच्या अंतःकरणाला हात घालणारी बरोक कला पुढे त्या वातावरणात बहरली. काराव्हाज्जोने सांता मारिया देल्ला स्काला या चर्चसाठी मेरीच्या मृत्यूचे चित्र रंगविले. त्यात आकाश उघडलेले नाही, देवदूत नाहीत. फुगलेल्या देहाची, उघड्या पावलांची एक स्त्री निश्चेष्ट पडली आहे आणि भोवती शिष्य मूकपणे शोक करीत आहेत. मठवासीयांना हे मरण फारच मानवी वाटले. त्यांनी चित्र नाकारले. १६०७ साली रुबेन्सच्या सल्ल्यावरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आश्रयदाते होते श्रीमंत व्यापारी आणि नगरशासक. आपल्या नव्या, भव्य नगरभवनासाठी त्यांना पूर्वजांच्या शौर्याचे चित्र हवे होते. रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या बटाव्ही लोकांची शपथ रेम्ब्रांटने रंगविली, ती मध्यरात्रीच्या कटासारखी: झाकलेल्या दिव्याचा उजेड, एकमेकांना भिडलेल्या तलवारी, आणि समोर तोंड करून बसलेला एकाक्ष नायक. १६६२ साली चित्र भिंतीवरून उतरविण्यात आले. १६५६ मध्येच दिवाळखोर झालेल्या रेम्ब्रांटने पुढे ते कापून लहान केले. उरलेला तुकडा स्टॉकहोममध्ये आहे.

फ्रान्समध्ये १६४८ साली राजाश्रयाखाली अकादमी स्थापन झाली. ऐतिहासिक व पौराणिक चित्र सर्वांत वर, फळाफुलांचे चित्र तळाशी, अशी प्रतवारी तिने रूढ केली. ‘सालाँ’ नावाच्या प्रदर्शनात स्थान मिळाल्यावाचून चित्रकाराचा चरितार्थ चालणे कठीण झाले. १८६३ साली परीक्षकांनी आलेल्या कृतींपैकी निम्म्याहून अधिक परत केल्या. ओरड इतकी झाली, की तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविण्याची आज्ञा दिली. तेथे एदुआर मानेच्या, हिरवळीवर भोजनास बसलेल्या मंडळींच्या चित्राची सर्वाधिक चेष्टा झाली. प्रेक्षकांचा रोष नग्नतेवर होता म्हणावे, तर त्याच वर्षी सालाँमधील काबानेलची विवस्त्र व्हीनस खुद्द सम्राटाने विकत घेतली होती. मानेच्या नग्न स्त्रीशेजारी आजच्या पोशाखातले पुरुष बसले होते, हे खरे दुखणे. गंमत अशी, की त्या तीन आकृतींची मांडणी मानेने राफाएलच्या रचनेवरून कोरलेल्या एका जुन्या मुद्राचित्रातून घेतली होती.

१८७४ साली मोने, देगा, पिसारो यांनी परीक्षकांना वगळून स्वतःचे प्रदर्शन भरविले. ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव त्यांना थट्टेतून मिळाले. आता चित्र आधी निर्माण होई आणि ग्राहक मागाहून शोधावा लागे. या स्वातंत्र्याबरोबर उपासमारही आली. चर्च आणि दरबार यांच्या जागी चित्रविक्रेता उभा राहिला. परंतु या मोकळिकीवाचून घनवाद किंवा अभिव्यक्तिवाद जन्मला असता, असे म्हणणे कठीण आहे.

शेवटचा नकार १९३७ सालचा, म्युनिकमधला. नाझी सत्तेने जर्मन संग्रहालयांतून हिसकावलेल्या सुमारे साडेसहाशे आधुनिक कृती ‘अधःपतित कला’ म्हणून दाटीवाटीने, उपहासाच्या वाक्यांसह टांगल्या. त्यांत क्ले, कांडिन्स्की, बेकमान, किर्खनर यांची चित्रे होती. स्वतः नाझी पक्षाचा सदस्य असलेला नोल्डेही सुटला नाही. किर्खनरने पुढच्याच वर्षी आत्महत्या केली.

नाकारले गेले म्हणजे थोर ठरले, असा अर्थ यातून काढू नये. १८६३ च्या त्या प्रदर्शनातील बहुतेक नावे आज विस्मृतीत गेली आहेत, आणि मठवासीयांना आपल्या वेदीवर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार निश्चित होता. परंतु त्यांच्या नकारानंतर चित्राला मांतुआची वाट मोकळी होती. सम्राटाच्या राज्यातही नाकारलेल्यांना वेगळे दालन मिळाले. म्युनिकमध्ये सत्तेने स्वतःची भिंत राखली आणि इतरांच्या भिंतीही रिकाम्या केल्या. नापसंती आणि बंदी यांतील हे अंतर ज्या समाजाला कळते, त्याच्या कलावंताला पुढचे चित्र काढता येते.