घरचे पत्ते, कामाचे पत्ते



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात बोलण्यासारखं काय आहे? ईमेलमध्ये घरच्या माणसांचे पत्ते आणि कामाच्या माणसांचे पत्ते वेगळे कसे ठेवायचे, एवढाच विषय आहे. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग एक दिवस माझ्या हातून एक मेल भलतीकडे गेला. आधी तेच सांगते.

मी हैदराबादला एका कंपनीच्या खरेदी विभागात होते. घरचा ईमेल वेगळा होता, पण तो उघडायचा कंटाळा. ऑफिसचा मेल दिवसभर समोर उघडाच असायचा, म्हणून सांगलीच्या भावालाही मी त्यावरूनच लिहायचे. त्या वर्षी वडिलांना कर्करोगाचं निदान झालं. बाबांनी आम्हा दोघांना बजावलं होतं, "गावात कुणाला कळता कामा नये." एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भावाला सविस्तर लिहिलं. डॉक्टर काय म्हणाले, खर्च किती येईल, माझ्याकडे किती शिल्लक आहे, कर्ज काढावं का, सगळं. पत्त्याच्या जागी त्याच्या नावाची दोन अक्षरं टाइप केली. खाली नाव आलं. एंटर दाबलं आणि मेल पाठवला.

आता गंमत अशी, की माझ्या भावाचं आणि आमच्या एका पुरवठादाराचं पहिलं नाव एकच. हे गृहस्थ भिवंडीचे, आम्हाला पुठ्ठ्याची खोकी पुरवायचे. त्या आठवड्यात त्यांच्याशी दरांची बोलणी चालू होती, रोज दोन-तीन मेल जात होते. त्यामुळे यादीत त्यांचं नाव वर आलेलं.

मला कळलं तीन दिवसांनी, त्यांचा फोन आला तेव्हा. म्हणाले, "ताई, तुमचा मेल चुकून माझ्याकडे आला. वाचायला नको होता, पण वाचला गेला. बाबांना जपा. आणि पैशांचं काही लागलं, तर परकं समजू नका."

ते मनापासून बोलले असतील, असंच मी आजही मानते. पण विचार करा. ज्यांचे दर मी ठरवायचे, त्यांना माझी अडचण रुपयांनिशी माहीत झाली होती आणि ते मला पैसे देऊ करत होते. त्याच संध्याकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं. ती फाइल दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेली. कुणी मला काही बोललं नाही. पण पुढे कितीतरी महिने, त्या खोक्यांचं बिल टेबलावर आलं की मला मान वर करवत नसे. आणि जी गोष्ट बाबांनी शेजाऱ्यांपासून लपवली, ती भिवंडीतल्या एका अनोळखी माणसाला मी स्वतः लिहून कळवली होती.

तुम्ही म्हणाल, ही तुमची धांदल. होय, धांदल माझीच. पण हीच धांदल एका देशाच्या सरकारी खात्याकडूनही झाली आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जी-२० परिषद होती. तिथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने ३१ जागतिक नेत्यांचे पासपोर्ट क्रमांक, जन्मतारखा आणि व्हिसाचे तपशील एका मेलमध्ये पाठवले. त्यात ओबामा होते, पुतिन होते, आपले पंतप्रधान मोदीही होते. मेल गेला आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे! कारण? आउटलुकने पत्ता आपोआप भरला आणि तो बरोबर आहे ना, हे पाहायचं राहिलं. ही गोष्ट मार्च २०१५मध्ये वर्तमानपत्रांतून जगाला कळली.

मग हे होतं कसं? पूर्वी आपल्या घरी टेलिफोनजवळ एक डायरी असायची. 'द'च्या पानावर दूधवाले, डॉक्टर देशपांडे आणि दादाचं ऑफिस, सगळे एकत्र. तरी चूक होत नसे, कारण पान आपण उघडायचो, नाव आपण वाचायचो, नंबर आपण फिरवायचो. ईमेलमध्ये नाव आपण शोधत नाही, ते आपल्यापुढे आणलं जातं. आणि आणणाऱ्याला भाऊ कोण, पुरवठादार कोण, हे ठाऊक नसतं. त्याला दोनच गोष्टी कळतात: अक्षरं कोणती जुळतात, आणि हल्ली कुणाला जास्त लिहिलं जातं. नोकरी करणाऱ्या माणसाला जास्त लिहिणं होतं ते कामाच्या लोकांना. म्हणजे घरच्या माणसाला लिहिताना कामाचा माणूस पुढे येणार, हे ठरलेलंच.

यावर बहुतेक जण उपाय करतात तो लेबलांचा. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'घर' आणि 'ऑफिस' अशी लेबलं करतात आणि नावं त्यांत टाकतात. लेबलं उपयोगाची आहेत. पत्त्याच्या जागी लेबलाचं नाव लिहिलं, की त्यातल्या सगळ्यांना एकदम मेल जातो. भाचीच्या लग्नाचं आमंत्रण पाठवायला उत्तम. पण तुम्ही एखादं नाव टाइप करू लागता, तेव्हा सूचना सगळ्याच लेबलांमधून येतात. थंडरबर्डमध्येही तसंच. तिथे तुम्ही दोन वेगळ्या पत्तावह्या केल्या, तरी अक्षरं टाइप केल्यावर तो कॉम्प्युटरवरच्या सगळ्या वह्यांमध्ये शोधतो. लेबल म्हणजे डब्यावर लावलेली चिठ्ठी. चिठ्ठीने डबे ओळखू येतात, पण दोन्ही डबे एकाच फळीवर असतात. आपल्याला हवी आहे भिंत. जुन्या घरांत ओसरी वेगळी आणि माजघर वेगळं असायचं ना, तसं.

तर भिंत कशी घालायची ते सांगते.

पहिली गोष्ट, दोन खाती आणि त्यांची दोन दारं. घरचं खातं वेगळं, कामाचं वेगळं, आणि दोन्ही एकाच खिडकीत उघडायची नाहीत. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती एकत्र जोडली, तर पत्त्यांच्या सूचनाही एकत्र येऊ शकतात आणि भिंत पडते. क्रोममध्ये दोन प्रोफाइल करता येतात. एकाला निळा रंग द्या, दुसऱ्याला हिरवा. खिडकीचा रंग पाहिला की कळतं आपण ओसरीवर आहोत की माजघरात. कंपनीने सोय दिली असेल, तर अँड्रॉइड फोनमध्ये 'वर्क प्रोफाइल' असतं. कामाच्या ॲपवर ब्रीफकेसचं छोटं चित्र दिसतं आणि कामाचा डेटा वेगळ्या कप्प्यात राहतो.

आता घरचे पत्ते ऑफिसच्या खात्यात अडकले असतील, तर तिथे फक्त घरच्यांना 'घर' असं लेबल लावा. ते लेबल 'एक्स्पोर्ट' करा. एक फाइल मिळते, ती घरच्या खात्यात 'इम्पोर्ट' करा आणि ऑफिसच्या खात्यातून ती नावं काढून टाका. कंपनीच्या ग्राहकांचे आणि पुरवठादारांचे पत्ते मात्र घरी आणायचे नाहीत, ते कंपनीचे आहेत. हे काम आज ना उद्या नाही, लवकर करा. नोकरी सुटली किंवा निवृत्त झालात, की कंपनी खातं बंद करते. मग नाशिकच्या मावशीचा पत्ता ज्या खात्यात होता, ते खातंच उरत नाही.

दुसरी गोष्ट, आपोआप जमलेली अडगळ काढा. जीमेलमध्ये तुम्ही एखाद्याला एकदाच उत्तर दिलंत, तरी त्याचा पत्ता 'अदर कॉन्टॅक्ट्स'मध्ये जाऊन बसतो. गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून ती यादी एकदा पाहा. जुना घरमालक, कुठलासा दलाल, बंद पडलेले पत्ते, सगळे भेटतील. नको ते काढा. मग जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली 'क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट' असं दिसेल. तिथे पत्ते मी स्वतः जोडेन, असा पर्याय आहे तो निवडा. थंडरबर्डमध्ये या अडगळीचं नाव 'कलेक्टेड ॲड्रेसेस'. सेटिंग्जमध्ये 'कम्पोझिशन'खाली त्याची खूण काढता येते. आउटलुकमध्ये नाव सुचवलं जातं, तेव्हा त्याच्या शेजारी छोटी फुली असते. ती दाबली की ते नाव सूचनांतून जातं.

तिसरी गोष्ट, नावं स्वतः लिहा. मोबाइलमध्ये आपण 'रमेश प्लंबर' किंवा 'सुनंदा काकू बेळगाव' असं हौसेने लिहितो. ईमेलमध्ये मात्र समोरच्याने जे नाव दिलं, तेच ठेवतो. तसं करू नका. पुरवठादाराच्या नावापुढे त्याच्या मालाचं नाव घाला. माझ्या यादीत तेव्हा 'खोकी भिवंडी' एवढं लिहिलेलं असतं, तर एंटर दाबताना बोट थांबलं असतं.

चौथी गोष्ट सवयीची. मजकूर आधी लिहा, पत्ता शेवटी. आणि उत्तर देत असाल, तर 'रिप्लाय ऑल' आहे का ते पाहा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल परत घ्यायला सुरुवातीला ५ सेकंद मिळतात. सेटिंग्जमध्ये ते ३०पर्यंत वाढवता येतात, ते आजच वाढवा. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये पाठवलेला मेल काही मिनिटं रोखून ठेवायचा नियम करता येतो, अगदी १२० मिनिटांपर्यंत. एक-दोन मिनिटंही पुष्कळ होतात. चूक लक्षात येते ती बहुधा बटण दाबल्याच्या पुढच्याच क्षणी.

एवढं सगळं एकदम होणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून आज एकच करा. हे ऐकून झालं, की नवीन मेल उघडा आणि पत्त्याच्या जागी आपल्या सगळ्यांत जवळच्या माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप करा. कोण पुढे येतं ते पाहा. ती नावं वाचताना स्वतःला विचारा: घरातली सगळ्यांत नाजूक गोष्ट यांच्यापैकी कुणाकडे गेलेली मला चालेल?

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की आपल्या आजाराची गोष्ट आपण, भाऊ आणि मी, एवढ्यांतच राहिली. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगितलं, ते तुमच्यापैकी कुणावर अशी गोष्ट लपवायची पाळी येऊ नये म्हणून.