धुराचं दालन



इंग्लंडमधल्या केंट परगण्यात चिडिंगस्टोन नावाचं गाव आहे. १९६० च्या दशकात तिथे बाउ बीच हा पाणीपुरवठ्याचा मोठा तलाव होऊ घातला आणि काही जुनी घरं पाण्याखाली जाणार हे ठरलं. त्यातलं एक सुखवस्तू शेतकऱ्याचं घर, नाव बे लीफ. वय साडेपाचशे वर्षं. हे घर बुडालं नाही. १९६८-६९ मध्ये ते वासा न् वासा सोडवून उतरवलं, ससेक्समधल्या सिंगलटनला नेलं आणि १९७२ मध्ये तिथे पुन्हा उभं केलं. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने तिथे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय आकाराला येत होतं, वील्ड अँड डाउनलँड त्याचं नाव.

एवढं जुनं घर सोडवता येतं, याचं श्रेय मूळच्या सुतारांना. सगळा सांगाडा ओक लाकडाचा, आणि तेही ओलं. ओक वाळला की असा टणक होतो की पटाशी चालेना. म्हणून झाड पाडलं की लवकरच त्याचे खांब-तुळया करायच्या. जुळणी आधी जमिनीवर. तुळई खांबावर आडवी ठेवून एकाची कूस दुसऱ्याच्या भोकात बसेल असं कापायचं. प्रत्येक जोड आपापल्या जोडीदारापुरता. चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून लाकडांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग सगळं सुटं करून जागेवर उभारायचं. सांध्यांत लोखंडी खिळे नाहीत, ओकच्याच खुंट्या. यातली खुबी अशी की कुशीतलं खुंटीचं भोक मुद्दाम केसभर सरकवून पाडायचं. खुंटी ठोकली की ती वाकडी वाट काढत आत शिरते आणि कूस खेचून घट्ट बसवते. पुढे लाकूड वाळतं, पिळवटतं, पण सांधा सोडत नाही.

मुख्य खांबांची आणखी एक गंमत. झाडाचा बुंधा वरच्या बाजूला ठेवून ते उलटे उभे केले जात. मुळाकडचा भाग रुंद असतो, आणि खांबाच्या माथ्यावर दोन-तीन लाकडं एकत्र येतात. त्या सगळ्यांना पुरेल एवढी जाडी तिथेच हवी. लाकडांमधल्या मोकळ्या चौकटी कुडाने भरायच्या: फोकांची वीण, वर माती, शेण आणि गवत यांचा लेप. भार सगळा सांगाड्यावर, कूड फक्त वारा अडवतो.

एवढं घर शेतकऱ्याला परवडलं कसं? चौदाव्या शतकाच्या मध्यावर आलेल्या प्लेगने इंग्लंडची निम्म्याच्या आसपास माणसं नेली. उरलेल्यांना जमीन आणि मजुरी दोन्ही बरी मिळू लागली, आणि पुढच्या शतकात केंट-ससेक्सच्या वील्ड भागातल्या शेतकऱ्यांनी अशी घरं बांधली. शेकडो अजून उभी आहेत. त्यांची ठेवण लांबून ओळखू येते: मधलं दालन थोडं मागे, दोन्ही टोकांच्या माड्या पुढे झुकलेल्या, आणि तिघांवर मिळून एकच सलग छप्पर. दालनापुढे छपराची कड अधांतरी राहते, तिला वाकडे टेके देऊन तोलून धरलेलं.

बे लीफ चार खणांचं. मधले दोन खण म्हणजे ते दालन, आणि त्यावर मजला नाही. नजर थेट वाशांपर्यंत जाते. जमीन शेणाने सारवलेली नव्हे, तरी मातीचीच. मधोमध उघडी चूल, आणि धुराडं नाही! धूर वर चढून कौलांच्या फटींतून वाट काढी. खिडक्यांना काच नव्हती, लाकडी गज आणि आतून झडपा. थंडीत उजेड हवा की ऊब, एवढीच निवड. एका टोकाला समोरासमोर दोन दारं, त्यांच्यापलीकडे कोठीच्या दोन खोल्या, एकीत बिअरची पिंपं, दुसरीत पाव आणि कोरडा शिधा. दुसऱ्या टोकाला, दारापासून सर्वांत दूर, यजमानाची बैठक आणि तिच्या वर निजायची खोली. एवढी मोठी पोकळी तापवायला खर्चिक, राहायला गैरसोयीची. पण तीच मिरवायची. ज्याला दोन खणांची हवा रिकामी ठेवायला परवडते, तो माणूस गावात मोठा.

त्या धुराने वासे काळे झाले आणि संशोधकांना कामाला आले. काजळी कुठे आहे, कुठे नाही, यावरून मूळ लाकूड कोणतं आणि नंतर घातलेलं कोणतं हे कळतं. वय मात्र कड्यांवरून. ओकच्या खोडात दर वर्षी एक कडं वाढतं, बऱ्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. हा क्रम जुळवून झाड पाडल्याचं साल काढतात, आणि लाकूड ओलंच वापरलेलं असल्याने ते साल म्हणजे जवळपास घर बांधल्याचंच साल. दालन आणि कोठ्या १४०५ ते १४३० च्या दरम्यानच्या निघाल्या. यजमानाच्या बाजूचा खण १५०५ ते १५१० मधला. एका छपराखाली शंभर वर्षांचं अंतर.

पुढे विटांची धुराडी आली. धूर एका नळीत कोंडला की दालन उघडं ठेवायचं कारणच संपतं. लोकांनी मध्ये मजला घातला आणि दोन खोल्या मिळवल्या. बे लीफमध्येही हेच झालं होतं. सिंगलटनला घर उभारताना मात्र तो मजला आणि ते धुराडं गाळलं, आणि आतलं सामान १५४० च्या सुमाराचं ठेवलं.

इथे माझं मन थोडं अडतं. दालन पुन्हा डोळ्यांना दिसलं, हे खरंच. पण उघड्या चुलीपेक्षा धुराड्याचीच वर्षं या घराने जास्त पाहिली. त्या काळात तिथे राहिलेल्यांच्या लेखी घर म्हणजे तो मजला आणि ती भिंतीतली चूल. संग्रहालयाने एका वयाची बाजू घेतली, आणि घेतली ती देखण्या वयाची. ते धुराडं पाहायचंच असेल तर त्याच आवारात पेंडीन नावाचं १६०९ चं शेतघर आहे, मधोमध धुराडं घेऊनच बांधलेलं. बे लीफ पाहून झालं की तिकडेही जाऊन यावं.